वाचकांचे प्रश्न: गोळी घरापर्यंत पोचली का, मोजणी तिथून सुरू करा

मागच्या महिन्यात या सदरात पॅलिएटिव्ह केअरवर दोनच परिच्छेद लिहिले होते. बरा न होणाऱ्या किंवा लांबलेल्या आजारात पेशंटचं दुखणं, धाप, उलट्या, झोप, मनाची घालमेल आणि घरच्यांची ओढाताण हे सगळं सांभाळणारी सेवा, कोणी तिला परिहारक सेवा म्हणतं कोणी उपशामक, आणि पेशंटच्या घरी विचाराल तर 'ते दुखणं कमी करणारे डॉक्टर' एवढंच म्हणतात. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, की ही सेवा आपल्या देशात खरंच किती आहे आणि हे शोधायचं तरी कसं. मी आधी बरीच वर्षं वॉर्डात होते, आता या सेवांचा अभ्यासच करते, म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला देतेय.

प्रश्न: मॅडम, मी लातूर जिल्ह्यातली, पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय. डेझर्टेशनला 'भारताच्या सरकारी आरोग्य यंत्रणेतली पॅलिएटिव्ह केअर' हा विषय घेतलाय. गाईड म्हणतात विषय फार मोठा आहे आणि डेटा मिळणार नाही. पण आजोबांचे शेवटचे दोन महिने घरात जे बघितलं त्यामुळे हा विषय सोडवत नाही. सुरुवात कुठून करू? मला तू म्हटलंत तरी चालेल.

बरं, तूच म्हणते. तुझ्या गाईडचं निम्मं बरोबर आहे. विषय मोठा आहेच, पण डेटा नाही म्हणून सोडून दे हे मला पटत नाही, डेटा का नाही हाच तुझा पहिला चॅप्टर होऊ शकतो.

आधी कागदावर काय आहे ते बघ. २०१२ मध्ये केंद्राने पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला. वाचायला घेतलास तर बरं वाटतं, जिल्हा रुग्णालयात बेड, ट्रेनिंग झालेला स्टाफ, दुखण्यावरची औषधं, सगळं त्यात आहे. पण या कार्यक्रमाला स्वतःचं वेगळं बजेट मिळालं नाही. पैसे येणार नॅशनल हेल्थ मिशनमधून, आणि तेही राज्याने आपल्या वार्षिक आराखड्यात, ज्याला ऑफिसात सगळे पीआयपी म्हणतात, त्यात मागितले तर. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे नाव राष्ट्रीय असलं तरी प्रत्येक राज्याची गोष्ट वेगळी होते. म्हणून सुरुवात पैशापासून कर. तुझ्या जिल्ह्यासाठी राज्याने किती मागितले, किती मंजूर झाले, किती खर्च झाले. माहितीचा अधिकार वापर, अर्जाची फी दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फक्त 'पॅलिएटिव्ह केअरची माहिती मिळावी' असं मोघम लिहू नकोस, मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं. कुठलं आर्थिक वर्ष, कुठला जिल्हा, कुठली रक्कम, असं एकेक सुटं विचार.

याआधी कोणी देशभर मोजलंय का, तर हो. २००८ मध्ये एक मोठा आढावा छापून आला होता, त्यात देशात १६ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत मिळून १३८ संस्था ही सेवा देताना सापडल्या, आणि उरलेल्या १९ ठिकाणी एकही सापडली नाही. केरळ सोडलं तर बहुतेक सगळ्या मोठ्या शहरांतच होत्या. आता हा आकडा जुना झालाय, तो आजचा म्हणून वापरू नकोस. पण ती मंडळी काय मोजत होती ते नीट बघ. ते संस्था मोजत होते. दहा बेडची संस्था पण एकच आणि शंभर गावं फिरणारी पण एकच. पहिल्यांदा मोजताना दुसरा उपायही नसतो, त्यांना मी दोष देत नाही, पण तू आज करतेयस तर एक पायरी खाली उतरायला हवं.

हे मी कशामुळे म्हणते ते सांगते. मी पहिल्यांदा असा सर्व्हे केला तो फोनवर केला. एका जिल्ह्याच्या हॉस्पिटलला विचारलं तुमच्याकडे पॅलिएटिव्ह केअर आहे का, तिकडून सांगितलं आहे, मी 'हो' वर टिक केली आणि पुढचा नंबर लावला. चार महिन्यांनी वेगळ्याच कामाला तिथे गेले तर दारावर नवी कोरी पाटी आणि दाराला कुलूप. चावी शोधायला शिपाई अर्धा तास फिरला. आत दोन बेड, गाद्यांवरचं प्लॅस्टिक तसंच, खिडकीपाशी सलाईनचे स्टँड एकात एक अडकवून ठेवलेले, आणि रजिस्टरमधली शेवटची एन्ट्री अकरा महिन्यांपूर्वीची. ट्रेनिंग घेतलेल्या सिस्टरांना डिलिव्हरी वॉर्डला टाकलं होतं कारण तिथे माणसं कमी होती. त्या सिस्टर मला येऊन भेटल्या, त्यांनी ट्रेनिंगच्या वेळची वही अजून जपून ठेवली होती आणि त्या वहीतलं मला दाखवत होत्या, जखमेचा वास कसा कमी करायचा, तोंड कसं स्वच्छ करायचं. माझ्या एक्सेलमध्ये मात्र तो जिल्हा 'हो' होता. घरी येऊन तो अख्खा कॉलम मी उडवला.

तेव्हापासून मी उलटीकडून जाते. वरून खाली नाही, पेशंटच्या खाटेपासून वर. आणि त्यासाठी सगळ्यात सोपा धागा म्हणजे मॉर्फिनची गोळी. दहा मिलिग्रॅमची साधी तोंडाने घ्यायची गोळी, असर चार तासांच्या आसपास टिकतो म्हणून दिवसातून बऱ्याचदा घ्यावी लागते, सोबत पोट साफ व्हायचं औषध द्यावंच लागतं. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यात तिच्याइतकं कामाचं आणि स्वस्त दुसरं फारसं काही नाही. पण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला, त्यात परवान्यांची इतकी भानगड आणि चुकलं तर इतकी कडक शिक्षा की औषधवाल्यांनी आणि हॉस्पिटलांनी गोळी ठेवणंच सोडलं, आणि १९९७ पर्यंत देशातला औषधी मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी ही गोळी न लिहिताच शिकून बाहेर पडली. २०१४ मध्ये कायदा बदलला, मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोनसारखी सहा औषधं अत्यावश्यक ठरवली, आणि हॉस्पिटलने राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकदा मान्यता घेतली की चार-चार परवाने लागत नाहीत. कायदा सुटला पण भीती सुटली नाही. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा अहवाल आला, त्याच्या हिशोबाने भारतात अशा औषधांची जेवढी गरज आहे तिच्या ४ टक्केच भागते.

मग तुझ्या जिल्ह्यात विचार, मान्यता घेतलेली हॉस्पिटलं किती आणि कुठली, गेल्या वर्षी त्यांनी किती गोळ्या आणल्या, लिहून देणारे डॉक्टर किती, ते सुट्टीवर गेले की कोण लिहितं, एका वेळी किती दिवसांच्या देतात. आणि मग पेशंटच्या घरी जाऊन विचार की गोळी आणायला कोण जातं, किती किलोमीटर, एसटीला किती पैसे लागतात, मजुरीचा किती खाडा होतो, आणि गोळी संपल्यावर पुढची येईपर्यंत किती रात्री तशाच काढल्या. हा शेवटचा आकडा कुठल्याच सरकारी रजिस्टरमध्ये मिळणार नाही, तो तुलाच गोळा करावा लागेल, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा.

दुसरी बाजू गरजेची. किती लोकांना सेवा मिळते हे कळून उपयोग नाही जोवर किती जणांना लागते ते माहीत नाही. त्याच लॅन्सेट आयोगाने याची एक पद्धत दिली आहे, २० आजार घेतले, १५ लक्षणं घेतली, कुठल्या आजारात किती जणांना किती दिवस त्रास होतो याचा अंदाज बांधला आणि मृत्यूंच्या आकड्याला तो लावला. जगात अशा त्रासात असलेले सहा कोटींवर लोक निघाले, त्यातले ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. पद्धत चांगली आहे, पण ती आपल्या तालुक्याला लावायला गेलीस की अडकशील, कारण आपल्याकडे नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले एक चतुर्थांशसुद्धा नसतात. म्हातारपण, हार्ट फेल, एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे राज्याच्या आकड्यावरून जिल्ह्याचा अंदाज काढ पण तो अंदाज आहे हे ठळक लिही आणि त्याच्या शेजारी आशाताई खाटेवरच्या पेशंटची जी यादी करतात तिच्यातला आकडा ठेव. दोन्हींत फरक पडेल. तो लपवू नकोस, त्यावरच लिही.

आणि एक चूक आपण सगळेच करतो ती तू करू नकोस. पेशंट सापडायला सोपे म्हणून आपण कॅन्सर हॉस्पिटलात जाऊन बसतो. मुंबईत टाटाचा पॅलिएटिव्ह विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे जे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारी जागा, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे, आणि ही कामं खरंच मोठी आहेत, मी स्वतः अशाच वातावरणात शिकले. पण जगभराचा अंदाज घेतला तर ही सेवा लागणाऱ्यांत कॅन्सरवाले एक तृतीयांशाच्या आसपासच. बाकी लकवा होऊन पडलेले, किडनी गेलेले, हृदय थकलेले, दम्याने खाटेवर बसून रात्र काढणारे, स्मृती गेलेले. तुझ्या आजोबांना काय होतं तू लिहिलं नाहीस, पण ते घरीच वारले असतील तर कॅन्सर हॉस्पिटलवाल्या अभ्यासात ते कुठेच मोजले गेले नसते.

तेव्हा सगळा भारत घेऊ नकोस. राष्ट्रीय कागद पूर्ण वाच, मग एक जिल्हा आणि त्यातले दोन तालुके घे, एक शहराजवळचा एक लांबचा, आणि कागदातलं एकेक वाक्य त्या दोन तालुक्यांत कुठवर उतरलं ते बघत जा. प्रश्नावली तयार झाली की पाठव, मी वाचून देईन.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे. आमच्या आशा घरोघरी जाऊन सीबॅक फॉर्म, म्हणजे तब्येतीच्या तपासणीचा फॉर्म, भरतात, त्यात कोणाला उठबस करायला, जेवायला, आंघोळीला दुसऱ्याची मदत लागते ते पण लिहितात. खाटेवरच्या पेशंटच्या याद्या आम्ही वर देतो. आशा मला विचारतात ताई याचं पुढं काय होतं, आणि मला उत्तर देता येत नाही. लोक पण म्हणतात लिहून नेता, परत कोणी येत नाही.

ताई, देशात या विषयावर सगळ्यात खरा डेटा कोणाकडे असेल तर तो तुमच्या आशांच्या वहीत आहे, हे मी मनापासून म्हणते.

व्हायला काय हवं ते आधी सांगते. २०१८ पासून उपकेंद्रांची हेल्थ अँड वेलनेस सेंटर झाली, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, आणि तिथे द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर ही एक आहे. म्हणजे तुमच्या यादीतल्या पेशंटकडे सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, किंवा सिस्टरनी घरी जावं, पाठीच्या जखमा बघाव्यात, घरच्यांना कूस कशी बदलायची ते दाखवावं, दुखणं आवरत नसेल तर पुढे डॉक्टरांकडे पाठवावं. बऱ्याच ठिकाणी काय होतं, यादी वर जाते, तिचा एक आकडा होतो, आकडा महिन्याच्या रिपोर्टमध्ये बसतो, आणि नाव खालीच राहतं. कुणा एकाचा आळस म्हणून हे होत नाही. सीएचओकडे लसीकरण आहे, बीपी-शुगर आहे, ऑनलाईन एन्ट्री आहे, आणि घरी जायला ना गाडी ना वेगळे पैसे.

केरळमध्ये हे कसं जमलं याची चौकशी सगळेच करतात. तिथे १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी आणि मित्रांनी मिळून सुरुवात केली, डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार ही त्यातली नावं. मग मलप्पुरमसारख्या भागात शेजारपाजारच्या लोकांनी गट केले, थोडे थोडे पैसे जमवले, पेशंटच्या घरी जायला लागले, आणि २००८ मध्ये राज्याने धोरण केलं. त्यातला कळीचा भाग म्हणजे ग्रामपंचायतीने आपल्या पैशातून घरी जाणारी नर्स ठेवायची. नर्स, गाडी आणि ठरलेले वार. त्यामुळे खाली नाव लिहिलं की खालीच कोणीतरी जातं, यादी राजधानीपर्यंत जायची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडे तसंच्या तसं होईल असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडच्या पंचायतींच्या हातात पैसा आणि अधिकार जास्त आहे, पण तुमच्या एखाद्या सरपंचांना हे सांगून बघायला हरकत नाही.

तुम्ही आत्ता काय करू शकता, तर वहीत तीन जास्तीचे रकाने आखा. नाव कळवल्याची तारीख, पहिल्यांदा कोणी घरी गेलं ती तारीख, आणि गेल्यावर काय केलं. बस. सहा महिन्यांनी तालुक्याच्या मीटिंगमध्ये ही वही उघडा. 'चाळीस नावं दिली, त्यातल्या इतक्यांकडे कोणी गेलं, पहिली भेट सरासरी इतक्या दिवसांनी झाली, आणि भेटीआधीच इतके जण वारले' असं तुम्ही म्हणालात तर ते कोणाला बाजूला सारता येणार नाही. मोठमोठे अभ्यास हेच मोजायला लाखो रुपये खर्च करतात. फक्त एक काळजी घ्या, त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. नाव आणि आजार गावभर झाला की घरचे पुढच्या वेळी दार उघडत नाहीत, आणि ते चुकीचं वागतात असंही म्हणता येत नाही.

प्रश्न: मी मूळची कोल्हापूरची, सध्या इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत, नर्स आहे. पार्टटाईम रिसर्च करतेय. मरणाच्या दर्जाच्या यादीत ब्रिटन पहिला आणि भारत तळाला असं वाचलं. दोन्हींची तुलना करायची इच्छा आहे, इथलं काय शिकून तिकडे नेता येईल?

तुम्ही म्हणता ती यादी २०१० मध्ये ४० देशांची होती, त्यात आपण शेवटचे, आणि २०१५ मध्ये ८० देशांची, त्यात ६७वे. ब्रिटन दोन्ही वेळा पहिलं. मला त्या क्रमांकांवरून भांडायचं नाही, पण देशाला एक नंबर दिला की केरळचं गाव आणि जिथे एकही केंद्र नाही तो जिल्हा एकाच नंबराखाली येतात, तुलनेला त्याचा उपयोग फार कमी.

तुमच्याकडे बघायला मला जास्त आवडेल ती गोष्ट वेगळी आहे. एनएचएस १९४८ ची, सगळ्यांना फुकट उपचार हे तिचं तत्त्व, तरीही मरणाऱ्या माणसाची सोय तिच्या आत नीट झाली नाही म्हणून डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उभं केलं. तुम्ही नर्स आहात म्हणून मुद्दाम लिहिते, त्या आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलात सोशल वर्कर, आणि मग डॉक्टर झाल्या. दुखणं शरीराचं, मनाचं, पैशाचं, श्रद्धेचं सगळं मिळून एकच असतं हे त्यांनी मांडलं. आजही तिथली बहुतेक हॉस्पिसं धर्मादाय आहेत, प्रौढांच्या हॉस्पिसांना सरकारकडून साधारण एक तृतीयांश खर्च मिळतो आणि बाकी देणग्या, जुन्या वस्तूंची दुकानं, धावण्याच्या शर्यती यांवर चालतं. आरोग्य मंडळांनी ही सेवा उपलब्ध करून द्यायलाच हवी असं इंग्लंडच्या कायद्यात स्पष्ट यायला २०२२ उजाडलं. म्हणजे पहिल्या नंबरच्या देशातही हा विषय यंत्रणेच्या कडेलाच होता, आपल्यासारखाच.

आणि लिव्हरपूल केअर पाथवे तुम्ही ऐकलाच असेल. हॉस्पिसमधली चांगली काळजी साध्या वॉर्डात मरणाजवळ आलेल्या पेशंटपर्यंत पोचावी म्हणून केलेला तो कागद, हेतू अगदी चांगला. देशभर पसरला, वापरल्याबद्दल हॉस्पिटलांना पैसेही मिळायला लागले. मग नातेवाईकांच्या तक्रारी यायला लागल्या, आम्हाला न सांगता पेशंटला त्या कागदावर घेतलं, पाणी मागत होते ते दिलं नाही. २०१३ मध्ये स्वतंत्र समितीने चौकशी करून तो बंद करायला सांगितला आणि २०१४ मध्ये तो बंद झाला. कागदावर टिक होती, पण खाटेपाशी समजावून सांगणारा माणूस नव्हता. माझ्या त्या कुलूपवाल्या खोलीशी हे मला फार जवळचं वाटतं. भारतात आत्ता कुठे फॉर्म आणि चेकलिस्ट तयार होतायत, तेव्हा तुम्ही तिथून काही आणणार असाल तर आधी हे आणा.

तुलनाच करायची तर एक वेळ पकडा. रात्रीचे दोन. घरी पेशंटला धाप लागली आहे. तुमच्या भागात घरचे कुठला नंबर लावतात, कोण उचलतं, घरात आधीच औषधांचा डबा ठेवलेला असतो का, किती वेळात कोण येतं. मग हेच कोल्हापूरला जाऊन विचारा, शहरात विचारा आणि चंदगड, गगनबावड्याकडे विचारा. त्या एका तासावरून दोन्ही यंत्रणा जेवढ्या कळतील तेवढ्या क्रमांकांच्या तक्त्यावरून कळणार नाहीत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ७४. पॅलिएटिव्ह केअर आणि लिव्हिंग विल एकच का? मला माझं करून ठेवायचं आहे.

सर, एक नाही. पॅलिएटिव्ह केअर उपचार चालू असतानाही घेता येते, अगदी आजार कळल्या दिवसापासून. लिव्हिंग विल म्हणजे पुढे बरं व्हायची आशा नसताना आणि आपल्याला बोलता येत नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार करायचे की नाही हे आधी लिहून ठेवणं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. एक प्रत मुलांकडे, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा. आणि कागद करण्याआधी मुलांशी बोला, कारण त्या वेळी हॉस्पिटलात ते उभे असणार.

प्रश्न: ठाण्याहून लिहितोय. वडिलांना शेवटच्या स्टेजचा कॅन्सर आहे, त्यांना आम्ही सांगितलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये रिसर्च करणारी एक मुलगी त्यांची मुलाखत घेऊ का विचारत होती. आई नको म्हणते. नाही म्हटलं तर ट्रीटमेंटवर परिणाम होईल का? आणि आजारी माणसाला असे प्रश्न विचारावेतच का?

पहिलं म्हणजे, नाही म्हटल्याने ट्रीटमेंटवर काहीही परिणाम होता कामा नये. तसं संमतीपत्रात लिहिलेलं असावं लागतं, आणि मुलाखत अर्ध्यावर थांबवायचा हक्क पण असतो. हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, ते त्या मुलीला विचारा, तिने न चिडता कागद दाखवायला हवा.

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मात्र दुसरी आहे. वडिलांना माहीत नाही, आणि तिच्या माहितीपत्रकावर कदाचित कॅन्सर, पॅलिएटिव्ह असे शब्द वरच छापलेले असतील. आमच्याकडे हे अनेकदा झालंय, घरच्यांनी सहा महिने जपलेली गोष्ट आमच्या एका कागदाने उघडी पडली. तेव्हापासून मी पत्रकावर फक्त 'लांबलेल्या आजारात मिळणारी सेवा' लिहिते आणि पेशंटकडे जाण्याआधी घरच्यांशी दाराबाहेर बोलते. तुम्ही तिला हे सरळ सांगा. सोबत एक गोष्ट बिचकत बिचकत लिहिते. बहुतेक पेशंटना कळलेलं असतं. तुम्ही त्यांच्यासाठी लपवता आणि ते तुमच्यासाठी लपवतात. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना सांगा, बाबांना किती माहिती हवी आहे ते हळूच विचारून घेता येतं का. ते नको म्हणाले तर विषय संपला.

विचारावं का, याचं उत्तर मला एका आजींनी दिलं. गावाकडे एका घरी गेले होते, फॉर्म घेऊन. शून्य ते दहा, किती दुखतं, असं मी विचारत होते आणि त्यांना ते काही केल्या जमेना. मग त्यांच्या सुनेने विचारलं, आत्या, रुपयात किती आणे दुखतंय? लगेच म्हणाल्या, बारा आणे, गोळीनं चार आण्यावर येतं, पण पहाटे परत बारा. मला जे तासाभरात मिळालं नव्हतं ते त्यात आलं, पहाटेची गोळी चुकत होती. मग मी पुढचं वाचायला लागले तर म्हणाल्या, आकडं बास कर बाई, रात्री कूस बदलाया कुणी न्हाई ते लिही. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती. मी पेन ठेवलं, आम्ही दोघींनी मिळून त्यांना कुशीवर केलं, पाठीखाली घडी केलेलं लुगडं सरकवलं, आणि मग बराच वेळ त्या आपणहून बोलल्या. माझ्या आताच्या प्रश्नावलीत आणे आहेत आणि रात्रीचा वेगळा प्रश्न आहे, दोन्ही त्या घरातून आलेले.

म्हणून बाबांना बोलायचं असेल तर आईंना माझ्याकडून एवढं सांगा की बोलू द्या. घरात सगळे त्यांना फक्त जेवलात का, औषध घेतलं का एवढंच विचारत असतील, कोणीतरी बसून ऐकतंय याचा कित्येकांना आधार वाटतो. फक्त वेळ दुखण्याची गोळी घेतल्यावर तासाभराने ठेवा, अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, तुम्ही नजरेच्या टप्प्यात बसा, आणि ते उशीला टेकले की त्या मुलीला सांगा आज इथेच थांबू, उरलेलं पुढच्या वेळी.